नामिबिया, स्वतः गाडी चालवत: वाळवंट, वन्यप्राणी आणि टपावरचा तंबू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईतून, नागपुरातून, आणि दुबई-लंडनच्या मराठी मंडळींकडूनही नामिबियाबद्दल जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. गाडी भाड्यानं घेऊन, टपावरच्या तंबूत झोपत, स्वतः स्वयंपाक करत फिरायचं असेल तर हे वाचा. टूर कंपनीच्या बसनं जाणाऱ्यांना यातलं बरंचसं लागणार नाही.

एक मत आधीच सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यावरच उभी आहेत: या देशात किलोमीटर कमी ठेवा आणि थांबणं वाढवा. नकाशावर सगळंच जवळ वाटतं, म्हणून लोक चार ठिकाणं जास्तीची कोंबतात. मग वाळवंट खिडकीतून पळत जातं आणि पाणवठ्यावर बसायला वेळच उरत नाही.

केनिया, टांझानिया सोडून नामिबियाच का?

कारण इथं गाडीचं स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं. ताडोबा-पेंचला जिप्सी, गाइड आणि फेरीची वेळ ठरलेली असते. आपल्याकडच्या जंगलांवर माणसांचा भार बघता ते योग्यच आहे. नामिबियाचा हिशेब वेगळा आहे. महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठ्या या देशात जेमतेम ३० लाख माणसं राहतात. सरकारी राष्ट्रीय उद्यानात तुम्ही स्वतःची गाडी घेऊन जाऊ शकता आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत हव्या त्या पाणवठ्यावर हवं तितकं बसू शकता. शिवाय एकाच सहलीत वाळूचे डोंगर, धुक्यातला समुद्रकिनारा, खडकाळ माळ आणि मिठाचं पांढरं मैदान, सगळं होतं.

सेरेंगेटीतले लाखोंचे कळप मात्र इथं दिसणार नाहीत. तेच बघायचं असेल तर तिकडेच जा.

भारतातलं लायसन्स चालतं का?

इंग्रजीत छापलेलं लायसन्स आणि आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, दोन्ही सोबत ठेवा. परमिटची मुदत एक वर्ष असते, त्यामुळे फार आधी काढू नका. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे आणि स्टिअरिंग उजवीकडे. पोलिसांचे तपासणी नाके बऱ्याच ठिकाणी लागतात. थांबायचं, काच खाली करायची, नमस्कार-चमत्कार करायचा, कागद दाखवायचे.

व्हिसा आणि लस?

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. नियम अलीकडच्या काळात बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी नामिबियाच्या सरकारी पानावर ताजी माहिती बघा. ओळखीच्यांच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून येत असाल, किंवा तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबत असाल, तर त्या लसीचा दाखला मागतात. इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे तिकीट काढणाऱ्यांनी थांब्याचे तास मोजावेत. उत्तरेकडचं इटोशा राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्याही उत्तरेला पावसाळ्यात व त्यानंतरचे काही महिने मलेरियाचा धोका असतो. औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला.

मुलं सोबत असतील तर त्यांचे जन्मदाखले ठेवा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही घ्या.

कोणत्या महिन्यात जावं?

प्राणी बघायचे असतील तर मे ते ऑक्टोबर. पाऊस नसतो, रानातली डबकी आटतात आणि प्राण्यांना ठरलेल्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. आपल्याकडे वनखातं बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणीगणना करतं, त्यामागेही हेच गणित असतं.

जून-जुलैत दिवस छान असतात, पण पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि टपावरच्या तंबूत ती थंडी सगळीकडून लागते. वाळवंट म्हणजे गरम, हा समज घरीच ठेवून जा. कानटोपी आणि जाड मोजे घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणवठे प्राण्यांनी सर्वांत गजबजलेले, पण दुपारी चाळिशीपर्यंत तापतं आणि धूळही फार. जानेवारी ते मार्च पावसाचे. गवत उंच, प्राणी विखुरलेले, कोरड्या नद्यांना अचानक लोंढे. पक्षीवेड्यांसाठी मात्र हेच दिवस चांगले.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य सुचवते.

किती दिवस हवेत आणि मार्ग कसा आखावा?

विमानाचे दिवस सोडून १४. दहात बसवता येतं, पण मग एक मोठा तुकडा सोडायची तयारी ठेवा.

पहिला दिवस राजधानी विंडहुकमध्ये गाडी ताब्यात घेणं, किराणा आणि झोप. रात्रभरच्या प्रवासानंतर त्याच दिवशी खडीच्या रस्त्यावर निघू नका. तिथून नैऋत्येला सेसरियम, म्हणजे सोसुसफ्लेईच्या लाल वाळूच्या डोंगरांचं दार. साधारण साडेतीनशे किलोमीटर, पण पाच-सहा तास धरा. तिथं निदान दोन रात्री. मग सॉलिटेअरवरून, गाउब आणि कुइसेब नद्यांच्या घळी उतरत-चढत स्वाकोपमुंडला. हे समुद्रकाठचं गाव धुण्याला, किराण्याला, टायर दुरुस्तीला आणि पाठ सरळ करायला उत्तम; दोन रात्री. पुढे स्पिट्झकोप्पेचे लालसर ग्रॅनाइटचे सुळके. तिथला कॅम्प स्थानिक लोकच चालवतात आणि दगडांच्या आडोशाला एकेक जागा इतकी दूरदूर आहे की शेजारी दिसत नाही. मग डमारालँड: ट्वायफेलफाँटेनची कोरीव चित्रं आणि पाल्मवाखचा खडकाळ माळ मिळून तीन रात्री. शेवटी इटोशा, चार रात्री. परतीच्या वाटेत वॉटरबर्गच्या पठाराशी एक मुक्काम, आणि विंडहुक.

दिवस कमी असतील तर डमारालँड आणि इटोशा कापू नका. स्वाकोपमुंडची एक रात्र आणि वॉटरबर्ग सोडा. मार्गात फिश रिव्हर कॅन्यन किंवा व्हिक्टोरिया धबधबा घुसडायचा मोह होतोच. दोन्ही सुंदर आहेत, दोन्हींसाठी वेगळी सहल करा.

ट्वायफेलफाँटेनला जावंच का? दगडावरची चित्रं तर आपल्याकडेही आहेत.

कोकणातली कातळशिल्पं पाहिलेल्यांनी तर नक्कीच जावं. शिकारीवर जगणाऱ्या लोकांनी वाळूच्या दगडावर कोरलेल्या २,००० हून जास्त आकृती इथं आहेत. २००७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. एका सिंहाच्या लांब शेपटीच्या टोकाला पंजा कोरलाय, आणि समुद्र शंभरेक किलोमीटर लांब असताना इथं सील या समुद्री प्राण्याचंही चित्र आहे. कोरणारा माणूस तिथवर चालत गेला असणार आणि परत आला असणार. सकाळी लवकर जा, स्थानिक गाइड बंधनकारक आहे आणि तो हवाच.

गाडी कोणती घ्यावी?

फोर बाय फोर डबल कॅब पिकअप, टपावर तंबू, मागे बंदिस्त हौद. टोयोटा हायलक्स सगळीकडे दिसते आणि तिचे सुटे भागही सहज मिळतात. चौघांसाठी दोन तंबूंची गाडी मिळते. डांबर आणि मुख्य खडीच्या रस्त्यांना खरं तर टू बाय फोर पुरते. पण उंच गाडी, जाड टायर आणि वाळूत लागणारी ताकद यासाठी फोर बाय फोरचे पैसे सार्थकी लागतात.

गाडी ताब्यात घ्यायला दोन तास द्या. घाई करणाऱ्या कर्मचाऱ्याला नम्रपणे थांबवा. दोन स्टेपन्या आहेत ना? दोन्हींत हवा आहे का? जॅक आणि पान्हा बाहेर काढून या गाडीला बसतात का हे बघा. हवेचा कॉम्प्रेसर चालू करून दाखवायला सांगा. तंबू स्वतः उघडा, स्वतः बंद करा, चेन पूर्ण लागते का पाहा. फ्रीज दुसऱ्या बॅटरीवर गार होतोय का, गॅसचा सिलिंडर भरलेला आहे का. काच आणि बंपरसह चारही बाजूंचा व्हिडिओ काढा.

विम्याचे कागद वाचताना ‘दुसरं वाहन नसताना झालेला अपघात’ आणि ‘गाडी उलटणे’ हे दोन मुद्दे शोधा. साध्या विम्यात हे बहुधा धरलेले नसतात, आणि पर्यटकांचे अपघात नेमके असेच होतात. टायर, काच आणि गाडीचा तळ यांचंही वेगळं विचारा.

खडीचे रस्ते खरंच इतके धोकादायक आहेत का?

रस्ता चांगला असतो, आणि धोका त्यातच आहे. समोर सरळ, रुंद, रिकामा रस्ता; दिवसभरात मोजक्याच गाड्या. पाय आपोआप दाबला जातो. कायद्यानं खडीवर १०० पर्यंत मुभा आहे, पण गाडी देणाऱ्या बहुतेक कंपन्या करारात ८० लिहितात आणि गाडीत बसवलेल्या यंत्रावर वेग नोंदतात. मी ७० च्या वर जाऊ नका असंच सांगेन; वळणावर आणि नदीपात्राच्या उतारावर त्याहून कमी.

सुट्या खडीवर टायरची पकड हलकी असते. चाकांच्या दोन पट्ट्यांमध्ये खडीचा उंचवटा जमतो, त्यावर एक चाक चढलं की गाडीची शेपूट सरकते. अशा वेळी ब्रेक दाबणं आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवणं, या दोन गोष्टी गाडी उलटवतात. पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडी आपसूक सावरते. बरेच दिवस रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे खडी सपाट करणारं यंत्र, फिरलं नसेल तर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा तयार होतात. त्यावरून वेगात गेलं की हादरे कमी लागतात असं सांगणारे भेटतील. त्या वेगात चाकं जमिनीला जेमतेम टेकतात, म्हणून ऐकू नका.

समोरून गाडी येताना दिवे चालू ठेवा, डावीकडे सरका, वेग कमी करा. तिच्या मागची धूळ काही सेकंद रस्ता पूर्ण झाकते आणि उडालेला दगड काच फोडतो. एखादा प्राणी अचानक आडवा आला तर ब्रेक सरळ रेषेत दाबा. त्याला चुकवायला गाडी रस्त्याबाहेर घालू नका.

आणि सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. हिवाळ्यात सव्वासहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्या वेळेला कुडू नावाचं, घोड्याएवढं हरीण रस्त्याकडेला येतं आणि दिव्याच्या झोताकडे उडी मारतं. चारपर्यंत मुक्कामी पोचण्याचा नियम घाला.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

गाडीवर आणि सामानावर अवलंबून आहे, कंपनीनं सांगितलेला आकडा पहिला. अंदाज हवा असेल तर: डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय, खडीवर २६ ते २८, खोल वाळूत १६ ते १८. वाळूतून बाहेर आलात की लगेच भरा. कमी हवेवर वेगात गेलं तर टायर तापून फुटतो. पंक्चर झालंच तर पुढच्या गावात आधी ते काढून घ्या, एका स्टेपनीवर पुढे जाऊ नका.

डिझेल आणि पाणी?

पंप दिसला की टाकी भरा, अर्धी भरलेली असली तरी. सेसरियम, सॉलिटेअर, स्वाकोपमुंड, उइस, खोरिक्सास, पाल्मवाख, कामान्याब, आउट्यो इथं पंप आहेत. पण एखाद्या दिवशी टँकरच आलेला नसतो. थोडी रोकड जवळ असू द्या. पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर, आणि एका दिवसाचं जास्तीचं, जे गाडी बंद पडल्याशिवाय उघडायचं नाही. कॅम्पवरचं बोअरचं पाणी कधीकधी मचूळ लागतं.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. सावलीत, गाडीजवळ थांबा. कोणीतरी येतं, आणि इथला माणूस मदतीला थांबतोच. तुम्हीही रस्त्यात उभ्या गाडीजवळ थांबून विचारा.

सोसुसफ्लेईला सूर्योदय बघायला किती वाजता निघायचं?

याचं उत्तर तुम्ही कुठं झोपता यावर आहे. सेसरियमला दोन फाटकं आहेत. आतल्या सरकारी कॅम्पवर राहणाऱ्यांसाठी आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. बाहेर राहणाऱ्यांना सूर्योदयालाच आत सोडतात. पुढे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, वेगमर्यादा ६०. म्हणजे बाहेर राहिलात तर वाळूच्या कडेवर पडणारं पहिलं ऊन गेलंच. आतल्या कॅम्पची जागा अनेक महिने आधी घ्या.

शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू आहे. हवा उतरवा, फोर बाय फोर लावा, न थांबता एकसारखं जा. आत्मविश्वास नसेल तर गाडी डांबराच्या टोकाला ठेवा, तिथून उद्यानाच्या गाड्या नेतात; यात कमीपणा अजिबात नाही. तिथून साधारण किलोमीटरभर चालल्यावर डेडफ्लेई येतं. पांढऱ्या चिखलाचं वाळलेलं तळं, त्यात काळे पडलेले बाभूळकुळातल्या झाडांचे सांगाडे. वाळू सरकून नदीची वाट बंद झाली आणि ही झाडं सहा-सात शतकांपूर्वी मेली. हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. त्यांना टेकू नका, चढू नका, फोटोसाठी फांदी धरू नका. शेजारची बिग डॅडी ही वाळूची टेकडी सव्वातीनशे मीटरच्या आसपास उंच आहे. चढायची तर सकाळी नऊच्या आत खाली या.

इथली वाळू ऑरेंज नदीनं आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रात आणलेली आहे. समुद्रप्रवाहानं ती उत्तरेला सरकवली आणि वाऱ्यानं पुन्हा जमिनीवर आणून टाकली. २०१३ पासून हा वाळूसागर जागतिक वारसा यादीत आहे.

इतक्या कोरड्या जागी प्राणी जगतात कसे?

बेंगुएला नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. त्यामुळे पाऊस पडत नाही, पण धुकं मात्र आत दूरवर शिरतं, आणि नामिब वाळवंटाचं बरंचसं जगणं या धुक्यावर चालतं. पहाटे वाळूच्या माथ्यावर एक काळा भुंगेरा डोकं खाली, पाठ वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. धुक्याचे थेंब त्याच्या पाठीवर जमतात आणि ओघळत तोंडात येतात. हे बघायचं असेल तर वाळूवर पोटावर पडून राहायची तयारी हवी. उभ्यानं काही दिसत नाही.

ओरिक्स म्हणजे लांब सरळ शिंगांचा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा, नामिबियाच्या राजमुद्रेवरचा प्राणी. भर दुपारी तो अंगाचं तापमान वाढू देतो, घाम गाळून पाणी दवडत नाही. मेंदूकडे जाणारं रक्त नाकाजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याजवळून जाताना गार होतं, म्हणून डोकं शाबूत राहतं.

वेल्विचिया ही वनस्पती जन्मभर फक्त दोनच पानांवर जगते. वाऱ्यानं ती फाटून चिंध्या होतात म्हणून जास्त वाटतात. काही झाडं हजार वर्षांवरची आहेत. त्यांची मुळं वरवर पसरलेली असतात. दगडांनी आखलेल्या रेषेच्या आत पाय ठेवू नका. उघड्या माळावर रस्ता सोडून गाडी घालणं हा तर या देशात मोठा अपराध मानतात, आणि मला ते पूर्ण पटतं. खडकाळ माळावरची चाकोरी कित्येक दशकं तशीच दिसते.

रस्त्याकडेच्या झाडावर किंवा टेलिफोनच्या खांबावर गवताची गंजी लटकलेली दिसली तर थांबा. ते सुगरणीच्या नात्यातल्या पक्ष्यांचं सामायिक घरटं आहे. शंभरावर जोड्या एकाच घरट्यात राहतात आणि पिढ्यानपिढ्या त्यात भर घालतात.

गाइड नसताना इटोशात प्राणी दिसतील का?

दिसतील, बसलात तर. इटोशा सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर आहे. ताडोबाचा प्रकल्प बफर धरून १,७२७. एवढं सगळं फिरून होणार नाही आणि तशी गरजही नाही. १९०७ पासून राखीव असलेल्या या उद्यानाच्या मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं मिठाचं मैदान आहे. त्याच्या दक्षिण काठानं पाणवठ्यांची रांग लागते आणि कोरड्या दिवसांत प्राणी तिथं येतातच.

माझी पद्धत अशी: पहाटे फाटक उघडताच एक पाणवठा गाठायचा, गाडी वाऱ्याचा अंदाज घेऊन उभी करायची, इंजिन बंद, आणि निदान दीड तास हलायचं नाही. नेब्राउनी, ओलिफांट्सबाद, रीटफाँटेन, चुडोप हे त्यासाठी चांगले. सुरुवातीला स्प्रिंगबॉक हरणं आणि झेब्रे. मग जिराफ, जे पाय फाकवून वाकायच्या आधी चहूकडे कितीतरी वेळ बघत राहतं. हत्तींचा कळप आला की बाकीचे मागे सरतात. इथले हत्ती मैदानाची पांढरी माती अंगावर घेतात, त्यामुळे ते चुन्यानं रंगवल्यासारखे दिसतात. झेब्रे पाण्याच्या काठाशी येऊन एकाएकी थबकले आणि सगळ्यांचे कान एकाच दिशेला वळले, तर दुर्बीण तिकडे फिरवा. सिंहीण बहुतेक वेळा तिथंच कुठल्यातरी सावलीत असते.

इतर गाड्या ‘साइटिंग’चा पाठलाग करत धुरळा उडवत जातील. त्यांच्या मागे जाऊ नका. ६० ची वेगमर्यादा आहे आणि ती प्राण्यांच्या जिवासाठी आहे.

मुक्काम दोन रात्री ओकाउकुएयो, एक हालाली, एक नामुतोनी असा वाटा. ओकाउकुएयोच्या कॅम्पलगतचा पाणवठा रात्रभर मंद उजेडात असतो. बुटक्या भिंतीमागे बाकं आहेत. रात्री नऊ ते बारा तिथं गुपचूप बसा. काळा गेंडा बघण्यासाठी जगात याहून खात्रीची जागा क्वचितच असेल. जाकीट घाला, मोबाइल खिशात ठेवा, मुलांना आधी समजावून न्या. तिथं मोठ्यानं बोलणाऱ्यांमध्ये आपली माणसं नसावीत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

गाडीतून उतरायला फक्त कुंपण घातलेल्या थांब्यांवर परवानगी आहे. ड्रोन चालत नाही. सूर्यास्ताच्या आत कॅम्पात हवंच. प्रवेशाचा परवाना २४ तासांच्या हिशेबानं मिळतो, बाहेर पडण्याची वेळ त्याप्रमाणे ठरवा.

गेंड्याचे फोटो टाकले तर चालतील ना?

टाका, पण सहल संपल्यावर, आणि ठिकाणाची नोंद काढून. पाणवठ्याचं नाव, तारीख, जीपीएस, काही लिहू नका. शिंगासाठी शिकार आजही चालू आहे. अनेक गेंड्यांची शिंगं त्यांच्या संरक्षणासाठी वनखात्यानंच कापलेली दिसतील. तुमचा एक फोटो शिकाऱ्याला पत्ता सांगू शकतो.

तंबूत रात्री सुरक्षित वाटतं का?

इटोशातले कॅम्प कुंपणाच्या आत आहेत. तरी कोल्हे आत फिरतात, आणि हालालीत हनी बॅजर नावाचे छोटे शिकारी प्राणी कचऱ्याचे डबे उलथतात. अन्न, कचरा, भांडी, चपला, सगळं गाडीत बंद. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतो. रात्री शिडीवरून उतरण्याआधी टॉर्चचा झोत चारी बाजूंनी फिरवा.

डमारालँडात कुंपण नाही. हत्ती कॅम्पातून चालत जातात. ते आले तर तंबूत राहा, दिवा त्यांच्यावर मारू नका, बोलू नका. ते निघून जातात. त्या भागात संत्री-मोसंबी जवळ ठेवू नका, वास त्यांना ओढून आणतो. कोरड्या नदीपात्रात तंबू कधीच लावू नका: ती हत्तींची वाट असते, आणि डोंगरात पाऊस झाला तर पाण्याचीही.

होआनिब, हुआब या नदीपात्रांतून वाळवंटी हत्ती शोधायला स्वतः जाऊ का, असंही विचारतात. एकटी गाडी असेल तर नको. स्थानिक वाटाड्याची गाडी घ्या. हे हत्ती सोंडेनं आणि पायानं वाळू उकरून पाणी काढतात आणि दोन-तीन दिवस न पिता राहतात. त्यांना गाडीनं हुसकून पळायला लावणं म्हणजे त्यांची साठवलेली ताकद वाया घालवणं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मुळीच नाही, कारण चूल तुमचीच आहे. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटात तांदूळ, डाळी, दही, भाज्या सगळं मिळतं. पुढच्या गावांत कांदे, बटाटे, कोबी, भोपळा एवढ्यावर भागवावं लागतं. घरून गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, चिवडा न्या. सगळं सीलबंद, कोरडं आणि नाव लिहिलेलं. तीन लिटरचा छोटा कुकर जरूर न्या. वाऱ्यात उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, सिलिंडर मात्र संपतो. भाजणीचं थालीपीठ निखाऱ्यावरच्या जाळीवर, तवा ठेवून, फार छान होतं.

लाकडं कॅम्पवर किंवा रस्त्याकडेला विकत घ्या. उद्यानात काटकीही उचलायची नाही. मांसाहारींसाठी: देशाला आडवं कापणारं जनावरांच्या रोगप्रतिबंधाचं कुंपण आहे. त्याच्या उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेऊ देत नाहीत, नाक्यावर फ्रीज उघडून बघतात.

आई-बाबांना नेता येईल का? आणि लहान मुलांना?

गुडघे दुखत असतील तर टपावरची शिडी रात्री दोनदा चढणं-उतरणं त्रासाचं. गाडी तीच ठेवा, पण त्यांच्यासाठी कॅम्पवरच्या खोल्या घ्या. सेसरियम आणि इटोशात मिळतात. मुलं सहा-सातच्या पुढची असतील तर मजेत राहतात, इटोशाच्या कॅम्पांत पोहण्याचे तलावही आहेत. त्याहून लहानांना रोजचे पाच तास गाडी हा अन्याय आहे, त्यांच्यासाठी फक्त इटोशा आणि वॉटरबर्ग करा.

फोन लागतो का?

गावांत आणि मोठ्या कॅम्पांजवळ. विमानतळावर एमटीसीचं सिम घ्या, नकाशे आधीच उतरवून ठेवा, कागदी नकाशाही घ्या. डमारालँडसाठी सॅटेलाइट फोन भाड्यानं मिळतो, घ्यावा.

प्लग?

आपला मोठा, १५ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग चालतो.

तिथल्या लोकांशी कसं वागावं?

नमस्कार केल्याशिवाय प्रश्न विचारू नका. पंपावर, दुकानात, नाक्यावर आधी ‘कसे आहात’ आणि मग काम. हिंबा या पशुपालक जमातीतल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, गाडीतून तर नाहीच.

जाण्याआधी थोडा इतिहास वाचा. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहती सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. २०२१ मध्ये जर्मनीनं तो वंशसंहार होता हे मान्य केलं. वॉटरबर्गचं रम्य पठार त्या लढाईची जागा आहे. इटोशातून हाइओम सान लोकांना १९५० च्या दशकात बाहेर काढलं. कितीतरी पाणवठे त्यांचे होते.

आणि १९९६ च्या कायद्यानं गावांना आपापल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर व त्यांपासूनच्या उत्पन्नावर हक्क मिळाला. अशी ८० हून जास्त सामूहिक संरक्षित क्षेत्रं आज आहेत. ज्याच्या बकऱ्या बिबट्या नेतो त्याच्याच घरात पर्यटनाचा पैसा जावा, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. म्हणून जिथं शक्य आहे तिथं गावानं चालवलेला कॅम्प निवडा.

कुनोचे चित्ते इथलेच ना? ते दिसतील का?

हो, १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचे. जगातले सर्वांत जास्त चित्ते याच देशात आहेत, पण बहुतेक उद्यानांबाहेर, खासगी कुरणांवर राहतात. तिथं सिंह आणि तरस कमी असतात. इटोशात दिसले तर नशीब समजा.

आकाश बघायला काय न्यावं?

दुर्बीण पुरे. अमावास्येच्या आसपासचे दिवस वाळवंटासाठी निवडा. जुलै-ऑगस्टात वृश्चिक थेट डोक्यावर असतो. मॅगेलनचे दोन ढग, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, ज्या महाराष्ट्रातून जवळजवळ दिसतच नाहीत, त्या बघायच्या तर पहाटे तंबूतून डोकं बाहेर काढा, दक्षिणेला.

परत येताना काय लक्षात ठेवावं?

विमान दुपारी असेल तर आदली रात्र विंडहुकमध्येच काढा. विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटरवर आहे आणि गाडी परत तपासून द्यायला तासभर जातो. उरलेला किराणा कॅम्पवरच्या किंवा गाडी ताब्यात घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारून द्या, आनंदानं घेतात. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव सारखाच आहे आणि इथं दोन्ही चालतात; पण जोहान्सबर्गला उतरल्यावर नामिबियन नोटा कोणी घेणार नाही. त्या विंडहुकलाच खर्चा किंवा बदलून रँड मागा. तंबूच्या घडीत, सीटखाली आणि फ्रीजच्या मागे एकदा हात घालून बघा. चार्जर आणि चष्मे तिथंच राहतात.